कुदळताईची वही

आमच्या मंडळीत तिला तिच्या खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. लहानपणी ती ‘कुदळी’ होती, कारण अंगानं काटकुळी आणि सतत बापाच्या मागं कुदळ खांद्यावर टाकून हिंडणारी. चाळिशी ओलांडली तेव्हा लोकांनी मान म्हणून ‘कुदळताई’ म्हणायला सुरुवात केली. मंडळी म्हणजे एका प्रार्थनाघराशी बांधलेली आमची दोनशे घरं. त्या दोनशे घरांतलं माणूस गेलं की कबर खणायचं काम चार पिढ्या तिच्याच घराण्याकडे. बापाचे गुडघे गेले, धाकटा भाऊ कबरीच्या काठावर उभा राहिला तरी पांढराफटक पडायचा, म्हणून काम तिच्याकडे आलं. बाईमाणसानं हे करावं का, यावर पंचांनी दोन बैठका घेतल्या. तिसऱ्या बैठकीआधी एक म्हातारा गेला, तिनं खड्डा तयार ठेवला, आणि विषय मिटला.

तोंडाची फटकळ होती. लग्नाच्या पंगतीत कुणी तिच्या शेजारी बसायला बिचकलं, “ताई, माप घेऊ नका हं,” असं म्हणालं, तर ती पाण्याचा घोट घेत म्हणायची, “घेऊन झालंय. तुम्ही सावकाश जेवा.”

मी शाळेत विज्ञान शिकवणारा मास्तर, त्याच मंडळीतला. तिची गोष्ट मी सांगतोय, त्याला एक कारण आहे. ते ओघात येईलच.

तिच्या पणजोबानं एक वही सुरू केली होती. कोण कुठं निजलंय हे त्याच्या लक्षात राहीना, म्हणून. नाव, वय, घर, रांग, आणि सगळ्यात खाली एक ओळ मातीची. पुढच्या खेपेला शेजारी खणायला किती वेळ लागेल, याचा अंदाज यावा हा हेतू. ‘हातभर काळी, खाली तांबडी, गांडुळं भरपूर.’ ‘दोन हातांवर मुरूम, घाम काढला.’ एक वही भरली की दुसरी तिलाच शिवायची, असं करत ती उशीएवढी जाड झाली होती. बापाला जेमतेम सही करता यायची, त्यामुळं नवव्या वर्षापासून वहीत अक्षर तिचं. आणि ते अक्षर तिला शिकवलं थोरल्यांनी.

थोरले म्हणजे आमच्या मंडळीचे प्रमुख. तेव्हा ते तरुण होते, नुकतेच प्रार्थना चालवायला लागले होते. शाळा सुटलेल्या पोरीला त्यांनी प्रार्थनाघराच्या पायऱ्यांवर बसवून दोन वर्षं लिहायला शिकवलं. “मेलेल्या माणसाचं नाव चुकीचं लिहायचं नाही,” ते म्हणत, “त्याला दुरुस्त करता येत नाही.” तिला बाप होता, पण ती थोरल्यांना बापाच्या वरचढ मानायची.

दफनभूमीच्या उत्तरेच्या भिंतीपलीकडे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणारी भट्टी सुरू झाली, त्याला ही गोष्ट घडली तेव्हा सतरा वर्षं झाली होती. आमच्या मंडळीतली साठेक माणसं तिथं कामाला लागली. भट्टीतून उरणारा काळा-करडा खंगर भिंतीला लागूनच पडायचा, आणि बॅटऱ्यांतलं ॲसिड उघड्या नाल्यानं खालच्या ओढ्याला जायचं. वहीत पहिल्यांदा असं आलं: ‘उत्तरेची रांग. अडीच हातांवर पिवळट थर. आंबूस, जळका वास. गांडूळ नाही.’ तिनं ते नेहमीसारखं लिहिलं आणि कुदळ धुवून ठेवली. पुढच्या वर्षी तसंच दोनदा. मग दरवेळी. कुदळीच्या पात्याला खड्डे पडायला लागले. वहीतली वयंही बदलत गेली. सत्तर, पंच्याहत्तर, एक्याऐंशी यांच्या मध्येच पाच, तीन, सव्वा वर्ष. शेवटी तिनं पंचांना सांगून टाकलं, “त्या भिंतीच्या रांगेत मी यापुढं कुणाला ठेवणार नाही. त्या मातीत मी माझे जोडेसुद्धा पुरणार नाही.” पंच हसले, पण भिंतीलगतचा पट्टा तेव्हापासून मोकळा राहिला.

हे सगळं एकत्र धरून वाचायला तिला भाग पाडलं ते ओढ्यापलीकडच्या एका बाईनं. त्या वस्तीतली माणसं आमच्या मंडळीतली नव्हती. ही बाई घरी शिलाई करायची, सगळे तिला शिवणवाली म्हणत. एका दुपारी ती दफनभूमीच्या फाटकाशी आली. तिथल्या दोन खोल्यांत कुदळताई राहायची. शिवणवालीच्या हाताला धरून सहा वर्षांची मुलगी होती.

“तुम्ही कोण कधी गेलं ते लिहून ठेवता म्हणे,” शिवणवाली म्हणाली.

“ठेवते. पण तुमच्याकडचं कुणी इथं नसतं.”

“माहीत आहे. माझी ही अजून आहे.” तिनं मुलीला पुढं केलं. “वर्षापूर्वी वीसपर्यंत आकडे म्हणायची. आता पाचाला अडते. पोट धरून बसते. डॉक्टर म्हणतात रक्तात शिसं आहे, कुठून आलं ते विचारा. कुणाला विचारू?”

मुलगी ओसरीवर बसली आणि तिथंच भिंतीला टेकून झोपून गेली. कुदळताईनं वही काढली. दोघी संध्याकाळपर्यंत पानं उलटत बसल्या. शेवटी कुदळताईनं मागचं कोरं पान उघडून त्यावर त्या मुलीचं नाव लिहिलं, खाली तारीख आणि ‘पाचाला अडते’. महिन्याभरात त्या पानावर ओढ्यापलीकडची सत्तावीस मुलं झाली. तिच्या घराण्यात जिवंत माणसांची नोंद पहिल्यांदाच होत होती.

ती वही घेऊन ती थोरल्यांकडे गेली. थोरल्यांनी चष्मा लावून दोन तास वाचलं. त्यांचे डोळे भरून आले, ते मी स्वतः पाहिलंय, शेजारी बसून मीही ती पानं वाचत होतो. त्या आठवड्याच्या प्रार्थनेत ते असं बोलले की अख्खं प्रार्थनाघर उभं राहिलं. “ही जमीन आपल्याला बक्षीस मिळालेली नाही. ती आपल्यापाशी ठेव आहे. खाली आपले आजे-पणजे आहेत, वर आपली आणि शेजाऱ्यांची लेकरं आहेत. दोघांची राखण आपल्याकडे आहे.” मी आयुष्यात इतकं खरं वाटणारं बोलणं ऐकलं नव्हतं. आम्ही दोनशे घरं आणि ओढ्यापलीकडची वस्ती मिळून कचेरीवर चालत गेलो. प्रत्येकाच्या हातात आपल्या गेलेल्या माणसाचं नाव लिहिलेला कागद होता. ओढ्यापलीकडच्यांनी आपल्या मुलांची नावं धरली होती. पर्यावरण खात्याच्या अधिकाऱ्यांनी तक्रार दाखल करून घेतली आणि सुनावणीची तारीख दिली.

सुनावणीच्या दहा दिवस आधी थोरले तिच्या ओसरीवर आले. “पोरी, वही तुझ्या लाकडी पेटीत नको. भट्टीवाले काही साधे नाहीत. प्रार्थनाघराच्या लोखंडी कपाटात ठेवू.”

तिनं वही स्वच्छ कापडात बांधून त्यांच्या हातात दिली. पावती वगैरे मागायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. बापाकडून पावती कोण मागतं?

सुनावणी कचेरीच्या वरच्या मजल्यावरच्या लांबट खोलीत होती. पंखा कुरकुरत होता. एका बाजूला भट्टीचे मालक आणि त्यांचे वकील, दुसऱ्या बाजूला आम्ही. शिवणवाली मुलीला मांडीवर घेऊन पुढच्याच बाकावर होती. अधिकाऱ्यांनी विचारलं, “ती दफनभूमीची नोंदवही आणलीय का?”

कुदळताईनं थोरल्यांकडे पाहिलं. थोरले उठले. त्यांच्या हातात वही नव्हती.

“साहेब,” ते म्हणाले, “गैरसमज झालाय. आमच्या मंडळीची अशी अधिकृत नोंदवही नाही. ही बाई खणायचं काम करते. शाळा झालेली नाही. बाप गेल्यापासून एकटी असते, मनाला येईल ते काहीबाही लिहीत असते. मंडळी तक्रार मागं घेत आहे.”

मग वकिलांनी एक कागद पुढं सरकवला. टेकडीवर नवी दफनभूमी, भट्टीकडून मंडळीला भेट. त्या बदल्यात मंडळी जुनी जागा आणि सगळे दावे सोडते. खाली थोरल्यांची सही. आणि वंशपरंपरेच्या राखणदार घराण्यातर्फे आणखी एक सही होती, तिच्या धाकट्या भावाची. नव्या जागेचा राखणदार म्हणून त्यालाच नेमलं होतं. ज्यानं जन्मात एक कबर खणली नव्हती, त्याला.

“धाकट्या?” ती एवढंच म्हणाली. तो बाकाखाली काहीतरी पडल्यासारखा वाकून बघत राहिला.

अधिकाऱ्यांनी विचारलं, “वही पाहिलेलं आणखी कुणी आहे का इथं?”

मी पाहिली होती. पान न् पान पाहिली होती. मी तिसऱ्या बाकावर होतो. थोरल्यांनी मान वळवून माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि मी उठलो नाही. माझी शाळा मंडळीची होती, नोकरी मंडळीची होती. यातलं कुठलंही कारण मला पुरत नाही. ओढ्यापलीकडच्यांची तक्रार तेवढी उरली. नवा पुरावा आणायला त्यांना तीस दिवस मिळाले.

संध्याकाळी ती प्रार्थनाघरात गेली. थोरले एकटेच बाकं पुसत होते, ते काम ते कधी दुसऱ्याला देत नसत.

“वही द्या,” ती म्हणाली.

“बस आधी.”

“वही द्या, थोरले.”

“कपाटात आहे. आता ती मंडळीची आहे. कागदोपत्री सगळं निवळलं की बघू.” त्यांनी फडकं खाली ठेवलं. “तुला वाटतंय मी केसानं गळा कापला. पण माझ्या जागी उभी राहून बघ. साठ घरांची चूल त्या भट्टीवर पेटते. खटला दहा वर्षं चालला असता. आता मेलेल्यांना स्वच्छ जागा मिळाली, जिवंतांचं काम टिकलं. यात वाईट काय झालं?”

“मला खुळी ठरवलंत, ते जाऊ दे. ओढ्यापलीकडच्या सत्तावीस पोरांचं काय?”

थोरल्यांनी पुन्हा फडकं उचललं. मग हळूच म्हणाले, “ती आपली नाहीत गं.”

ती मला पुढं कधीतरी म्हणाली, “मास्तर, बाकी सगळं मी गिळलं असतं. माणूस घाबरतं, माणूस वाकतं. पण ज्यांनी मला ‘अ’ काढायला शिकवलं, त्यांच्या तोंडून ते वाक्य ऐकलं, तेव्हा आत एक खड्डा पडला. तो अजून बुजला नाही.”

तिथून ती भावाकडे गेली नाही. तो स्वतःच दुसऱ्या दिवशी आला. “ताई, मला वाटलं, तुझ्याच भल्याचं आहे. तुझी पाठ गेलीय. आता तुला खणायला लागणार नाही.”

“मग खणणार कोण? तू?”

“माणसं लावीन.”

“सही करताना मला का नाही विचारलंस?”

“थोरले म्हणाले, विचारलं तर ती नाही म्हणेल.”

“बरोबर म्हणाले,” ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं. तिला त्या दोन खोल्या महिनाअखेर सोडायच्या होत्या, तसा कागद फाटकाला चिकटवला होता.

सगळ्यात अवघड होतं ओढा ओलांडणं. ती गेली. शिवणवाली मशीनवर होती, तिनं पाय थांबवला नाही.

“मला ठाऊक नव्हतं,” कुदळताई म्हणाली.

“असेल.”

“माझ्याकडून वही काढून घेतली.”

“तुम्ही दिलीत. आमच्या पोरांची नावं होती त्यात. विचारलंत आम्हाला?” मशीन थांबलं. “तुमची माणसं तुमची. आम्ही फक्त मोर्च्यापुरते शेजारी. जा ताई. मला संध्याकाळपर्यंत सहा गणवेश द्यायचेत.”

शिवणवालीनं दार जोरात लोटलं नाही. नेहमीसारखंच लोटून कडी घातली. आपला विश्वासघात झाला म्हणून कुदळताई आली होती, आणि विश्वासघात करणारी म्हणून परत फिरली.

दोन दिवस ती घराबाहेर पडली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. तोंड दाखवायची लाज वाटत होती, म्हणून शाळेतल्या लिटमस कागदाची डबी हातात घेऊन गेलो. ती भिंतीलगतच्या त्या मोकळ्या पट्ट्यात कुदळ घेऊन उभी होती.

“उठला नाहीत ना त्या दिवशी,” ती मागं न बघता म्हणाली.

“नाही.”

“मग आता वाका. ती सुतळी धरा.”

तिनं बारा हात लांबीची रेघ आखली होती. “वही नेली तर नेली. मी जे लिहिलं ते इथंच बघून लिहिलं ना? माती कुठं नेतील? महिनाअखेरपर्यंत राखणदार मीच आहे. इथं कुणी निजलेलं नाही. मी हवं ते खणीन.”

नऊ दिवस ती खणत होती. साधा खड्डा नव्हता तो. एका बाजूनं पायऱ्या काढलेल्या, साहेबाला बूट न मळवता उतरता येईल अशा. दुसरी बाजू सुरीनं कापल्यासारखी उभी, थर न् थर दिसावा म्हणून. मी शाळेआधी दोन तास माती ओढायचो. माझ्या हाताला फोड आले ते बघून तिला पहिल्यांदा हसू आलं. “मास्तर, खडूनं खणताय का?” प्रत्येक थराच्या ओल्या मातीला मी निळा कागद लावला. वरच्या थरात निळा राहिला. अडीच हातांवर क्षणात लाल झाला. तिथल्या मातीच्या पुड्या मी माझ्या ओळखीनं मोठ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाठवल्या.

मंडळीतलं कुणी फिरकलं नाही, फक्त एक म्हातारी सोडून. तिला आम्ही मावशी म्हणायचो. तिचे दोन नातू आतल्या लहान कबरींत होते. ती रोज छत्री आणि स्टूल घेऊन यायची आणि खड्ड्याच्या काठावर बसायची. थोरल्यांनी निरोप पाठवला की प्रार्थनेची वेळ चुकवू नये. मावशीनं निरोप आणणाऱ्याला सांगितलं, “लेकरांची राखण आपल्याकडे आहे, हे थोरल्यांनीच सांगितलं होतं. मी तेच करायला बसलेय. त्यांना म्हणावं, जागा आहे, तुम्हीही या.”

अठ्ठाविसाव्या दिवशी अधिकारी आले. बरोबर शिवणवाली आणि वस्तीतली दहा-बारा माणसं होती. कचेरीत आणि वस्तीत मीच जाऊन सांगून आलो होतो. शिवणवाली आली, पण लांब उभी राहिली. अधिकारी पायऱ्या उतरले. कुदळताईनं कुदळीच्या दांड्यानं दाखवलं. “ही माझ्या पणजोबाची माती. ही आजोबाची. ही बापाची. आणि हे पिवळं, भिंतीखालून झिरपत आलेलं, हे माझ्या वेळचं.” पिवळ्या थरात शिसं असल्याचा प्रयोगशाळेचा कागद मी वाचला, मोठ्यानं. या वेळी वाचला. मग अधिकाऱ्यांनी विचारलं, “त्या दिवशी हे का नाही सांगितलं?” मी म्हणालो, “घाबरलो.” त्यांनी तेही लिहून घेतलं.

निकाल आला तो अर्धवट गोड. भट्टी आठ महिने बंद, खंगर उचलायचा, नाला बांधून काढायचा, सत्तावीस मुलांचे औषधोपचार भट्टीनं करायचे. मुलांना महिनोन् महिने दवाखान्यात न्यावं लागलं. शिवणवालीची मुलगी आता शंभरापर्यंत म्हणते, मध्ये दोनदा थांबून. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेलं सगळं परत येत नाही. आणि मालकांनी आठ महिन्यांनी भट्टी उघडलीच नाही. तीस कोस दूर दुसऱ्या कुठल्यातरी ओढ्याकाठी नेली. आमच्यातल्या साठ माणसांचं काम गेलं. त्याचं खापर थोरल्यांवर फुटलं नाही, मालकांवर तर नाहीच. ते फुटलं कुदळताईवर. रस्त्यात बायका पदर सावरून पलीकडच्या कडेनं जायच्या. मलाही शाळेनं पुढच्या वर्षी ठेवलं नाही. मी शिकवण्या घेतो, बरं चाललंय.

वही परत मिळाली नाही. निकालानंतर तिनं तीनदा मागितली, तीनदा ‘बघू’ झालं. शेवटी भावानंच सांगून टाकलं. वही कपाटात गेलीच नव्हती. थोरल्यांनी ती घेतली त्याच दिवशी भट्टीच्या कार्यालयात पोचती केली होती, सहीच्याही आधी. म्हणजे त्या संध्याकाळी बाकं पुसताना ‘कपाटात आहे’ म्हणाले, तेही खोटं. ती ऐकून घेऊन इतकंच म्हणाली, “चार पिढ्यांची माणसं होती रे त्यात.”

तिनं ओढ्यापलीकडेच एक खोली घेतली. शिवणवालीनं बघून दिली. “तुमचं काही चुकलं नव्हतं,” ती म्हणाली, “पण मला पुन्हा भरवसा टाकायला वेळ लागेल, आधीच सांगते.” कुदळताई म्हणाली, “मलाही.” आता ती झाडं लावणाऱ्या खात्यात खड्डे खणायला जाते.

गेल्या वर्षी मावशी गेल्या. जुनी जागा बंद, टेकडीवर नुसता खडक. भावानं लावलेली माणसं दुपारपर्यंत गुडघाभरही उतरली नाहीत. तो धापा टाकत ओढ्यापलीकडे आला आणि खोलीच्या उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. “ताई, मावशींना तसंच ठेवलंय. काय करू?”

ती गेली. मीही गेलो. तिनं खडकाची चीर शोधली, पहार लावली, भावाला हातोडा धरायला लावला. चार तासांत जागा झाली. मावशींना तिनं स्वतः खाली उतरून नीट घेतलं. माती लोटून झाल्यावर माणसं पांगली. थोरले मागं राहिले. फार थकले होते, काठीवर आले होते.

“पोरी,” ते म्हणाले, “प्रार्थनाघराचं दार तुला कधी बंद नव्हतं.”

तिनं हात झटकले. “दाराचं काही नाही, थोरले. तुम्ही आत जे बोलता त्यातलं एक अक्षरही मला खोटं वाटत नाही, अजूनही. खोटे तुम्ही वाटता. मग मी तिथं येऊन कुणाकडे बघत बसू?”

ती वळली. भावाला म्हणाली, “पुढच्या खेपेला वरच्या अंगाला खण, तिथं खडक भुसभुशीत आहे. आणि स्वतः खण.” मग माझ्याकडं पाहून म्हणाली, “चला मास्तर, अंधाराच्या आत उतरू.” टेकडीचा उतार निसरडा होता. ती पुढं, मी मागं.